आधी सप्लाय बघा

मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाण्याची वागळे इस्टेट लागते. माझ्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं उपकरण, तिथल्याच अ‍ॅपलॅब कंपनीचा. भंगारवाल्याकडून वजनावर आणला, तेव्हा त्याच्या जाळीत कोळिष्टकं होती आणि आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली सर्किटची आकृती.

अ‍ॅपलॅब १९६२ची, प्रभाकर देवधरांनी सुरू केलेली. राजीव गांधींच्या काळात तेच इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. परकीय चलनाची चणचण असलेल्या, अ‍ॅपलॅबच्या सुरुवातीच्या दिवसांत मोजमापाचं उपकरण बाहेरून मागवायचं तर परवान्यासाठी खेटे घालावे लागत. म्हणून ते इथेच बनण्याला फार मोल होतं. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यातीसाठीचं औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आधी इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले, पाठोपाठ सॉफ्टवेअरवाले. १९७८मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला आणि मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. बनवणारा निघून गेल्यावर यंत्र चालतं ठेवायचं, ही विद्या आपल्या माणसांनी तेव्हा कमावली. तिच्याबद्दल मराठीत इतकं थोडं लिहिलं गेलं, याची मला खरोखर खंत आहे.

दुरुस्तीच्या या धंद्यातला पहिला धडा: आधी सप्लाय बघा. वर्षानुवर्षं बंद पडलेलं उपकरण थेट प्लगमध्ये घालायचं नाही. सिरीज बोर्डवर ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब मध्ये घालायचा. बल्ब भगभगून पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे; क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. माझा मंदावला. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, पण गांडुळासारखी वळवळणारी. टाइमबेसची खुंटी दर घराला ५ मिलिसेकंदांवर ठेवली. एक लाट बरोबर दोन घरांत बसली: १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १०० लाटा. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरमधून दोन्ही अर्ध्या लहरी बाहेर पडल्या की तिची १०० होते. तिला सपाट करणारा कॅपेसिटर सुकला होता. बाहेरून मात्र ठणठणीत, फुगलेला नाही की गळलेला नाही. आजारी यंत्राने स्वतःची नाडी स्वतःच दाखवली! त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो. (उघड्या उपकरणात काम करताना एक हात खिशात ठेवावा. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि वीज बंद केल्यावरही ते काही काळ आत दबा धरून असतात.)

संगणकाला जोडायच्या पडदा-कीबोर्डवाल्या टर्मिनलांची दुखणी निराळी. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी-१०० हे १९७८चं टर्मिनल, आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर. उजेड कमी-जास्त करायला त्याला खुंटी नाही. सेट-अपमध्ये जाऊन कीबोर्डच्या बाणांनी तो ठरवायचा आणि तो आकडा मेमरीत राहतो. मेमरीच बिघडली तर पडदा काळोखा दिसू शकतो आणि नवखा माणूस धडधाकट ट्यूब मेली समजून काढायला बसतो. काही पडद्यांना तर मोतीबिंदू होतो: ट्यूब आणि पुढची संरक्षक काच यांच्यामधला चिकट थर कुजून पांढरे डाग पडतात. ट्यूब आत निरोगीच असते.

आमच्या मुंबईच्या उपनगरांत मात्र खरा वैरी पावसाळा. दमट हवेत स्विचांचे संपर्क काळे पडतात, बोर्डावर बुरशी चढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि घराघरांतली, कारखान्यांतली उपकरणं चिखलात गेली. असं उपकरण हाती आलं तर पाणी ओसरलं म्हणून बटण दाबू नये. चिखल सुकण्याआधी स्वच्छ पाण्याने बोर्ड धुवायचा, अल्कोहोल फिरवायचं आणि कित्येक दिवस कोरडं होऊ द्यायचं. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत शिरलेली ओल सगळ्यांत उशिरा निघते. घाई केली की हमखास जळतो तो तोच.

माझ्या ऑसिलोस्कोपसाठी लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून नवा कॅपेसिटर आणला, १०५ अंश तापमान सोसणारा. ध्रुव दोनदा तपासले, डाग दिला. रेघ सुतासारखी सरळ आली.

मग ती आकृती पुन्हा उलगडली. घड्यांवर विरलेल्या त्या कागदावर कुणीतरी पेन्सिलीने जागोजागी व्होल्ट लिहून ठेवले होते; एका ट्रान्झिस्टरशेजारी बारीक अक्षरांत 'बदलला'. फिल्टर कॅपेसिटरपाशी मात्र काहीच नव्हतं. तिथे मी नवं मूल्य आणि तारीख लिहिली, आणि कागद त्याच पिशवीत घालून पिशवी परत आत ठेवली.