उपचार थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

बरे होण्याची शक्यता उरली नसताना केवळ यंत्राच्या आधारे लांबवलेले उपचार थांबवून मृत्यूला त्याच्या वाटेने येऊ देणे, याला निष्क्रिय दयामरण म्हणतात. इंजेक्शन देऊन रुग्णाचा जीव घेणे हा मात्र भारतात आजही गुन्हा आहे. ही सीमारेषा सर्वोच्च न्यायालयात आखली गेली, ती परळच्या केईएम रुग्णालयातील एका रुग्णाच्या निमित्ताने.

अरुणा शानबाग तिथेच परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर लैंगिक हल्ला केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेली हानी कायमची ठरली. हल्लेखोराला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्याच्यावर लागलाच नाही. अरुणा पुढे जवळपास ४२ वर्षे त्याच रुग्णालयात होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांनी अरुणांना अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमाही होऊ दिल्या नाहीत. भारतीय शुश्रूषेच्या इतिहासात याला तोड सापडणे कठीण आहे.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणांना शांतपणे मरू द्यावे, अशी याचिका केली. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली आणि ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क विराणींचा नव्हे, तर इतकी वर्षे त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असे न्यायालयाने ठरवले. आणि अरुणांनी जगावे, अशी त्या कर्मचाऱ्यांची इच्छा होती. रक्ताच्या नात्याइतकेच सेवेच्या नात्याला महत्त्व देणारा हा भाग दयामरणाच्या चर्चेत झाकोळून जातो. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाला वाट करून दिली. १८ मे २०१५ रोजी अरुणांचे न्यूमोनियाने निधन झाले.

त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, असा निर्णय दिला. शुद्धीत असतानाच पुढच्या उपचारांविषयी इच्छा लिहून ठेवणाऱ्या ‘लिव्हिंग विल’ या इच्छापत्रालाही मान्यता मिळाली. पण ठरवून दिलेली पद्धत फार जड होती. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही, दोन वैद्यकीय मंडळे, त्यांतले एक जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले, आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने रुग्णाला पाहणे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाकडून हे पार पडणे जवळपास अशक्य होते.

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने हे नियम सैल केले. आता दोन साक्षीदारांसमोर केलेले इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले तरी चालते. दोन्ही मंडळे तीन-तीन डॉक्टरांची असतात. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते, आणि न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचे असते. मंडळांत मतभेद झाल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. इच्छापत्र नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच पद्धत लागू होते.

तरीही रुग्णालयांत रूढ असलेली वाट निराळीच आहे. बिल फेडणे अशक्य झाले की नातेवाईक ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ डिस्चार्ज घेतात आणि रुग्णाला घरी नेतात. तिथे वेदनाशामक औषध नसते, धाप लागलेल्या माणसाजवळ परिचारिकाही नसते. उपचार थांबवण्याचा हा निर्णय वैद्यकीय मंडळाने नव्हे, पैशाच्या टंचाईने घेतलेला असतो. कायद्याने दिलेला हक्क या कुटुंबांच्या वाट्याला येत नाही, ही खरी अन्यायाची बाब आहे. उपचार थांबले तरी वेदना कमी करणारी शुश्रूषा थांबता कामा नये, आणि ती सरकारी रुग्णालयातही मिळायला हवी.

दुसरी अडचण कागदाची. इच्छापत्राची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची, असे न्यायालयाने सांगितले होते. महाराष्ट्रात असे अधिकारीच नेमलेले नव्हते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर राज्यभर अशा नेमणुका झाल्या. हे इच्छापत्र लेखी देऊन केव्हाही रद्द करता येते. आपल्या वतीने बोलायला एकापेक्षा अधिक व्यक्तींची नावे त्यात घालता येतात, आणि ती नातेवाइकांचीच असावीत, असे बंधन नाही.