धबधबा एक, देश दोन: दक्षिण अमेरिकेत सीमा ओलांडताना भारतीयांना काय लागतं?

युरोपात एका शेंगेन व्हिसावर अनेक देश फिरता येतात. दक्षिण अमेरिकेत भारतीय पासपोर्टवर तशी सोय नाही, प्रत्येक देशाचा नियम वेगळा.

इग्वासू धबधब्याचंच घ्या. तो ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर आहे. दोन्ही बाजूंनी बघायचा तर पासपोर्टवर देश बदलतो. ब्राझीलचा व्हिसा आधीच काढून न्यावा लागतो. खिशात अमेरिकेचा व्हिसा असला तरी. अर्जेंटिनाने मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट जाहीर केली. ब्राझीलमधून तिकडे जाऊन परत यायचं असेल, तर ब्राझीलचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच हवा. पेरू आणि कोलंबियाही अमेरिका किंवा शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना अटींसह प्रवेश देतात.

आणि ती १६० डॉलरची एन्ट्री फी? ती होती 'जशास तशी'. अमेरिका आमच्या लोकांकडून व्हिसाचे पैसे घेते, मग आम्हीही घेणार, असा हिशेब. चिलीने अमेरिकनांसाठी ती २०१४ मध्ये, अर्जेंटिनाने २०१६ मध्ये बंद केली. भारतीयांना ती नव्हतीच. जुन्या गाइडबुकात दिसली तर दचकू नका.

खरी अडचण परतताना येते. ब्राझील, पेरू, बोलिव्हियातून येणाऱ्यांकडे यलो फीवर लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करून भागत नाही.