बुडखा

ऊस तुटून गेला की रानात बघण्यासारखं काही राहत नाही, असं आपण धरून चालतो. पाचट अस्ताव्यस्त पडलेलं, ट्रॉलीच्या चाकांनी सऱ्या दबलेल्या, बांधाला वाढ्यांच्या दोन-चार पेंढ्या. मालकाचा जीव वजनाच्या पावतीत अडकलेला. पुढच्या हंगामाचं निम्मं टनेज मात्र त्याच दिवसांत ठरत असतं.

तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या खोडव्याला वाळवा-कराड पट्ट्यात सर्रास फुकटचं पीक म्हणतात. नांगरट नाही, सरी सोडायची नाही, बेणं नाही, लावणीची मजुरी नाही. लावणीच्या उसापेक्षा तो तयारही लवकर होतो. राज्यातल्या उसाच्या रानापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रान खोडव्याखाली असतं, पण टनेज त्या मानानं पडत नाही. फुकटचं म्हटल्यावर त्याला वागवतातही तसंच. लावणीला पोत्यावर पोती खत ओतणारा माणूस खोडव्याकडे महिनाभर फिरकत नाही.

सगळा खेळ तोडीपासून सुरू होतो. उभ्या उसात शेंड्याचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खाली उतरत असतं, तोवर बुडाचे डोळे गप्प. ऊस तुटला की हा दाब जातो आणि डोळे फुटायला मोकळे होतात. पण कुठले डोळे? बुडखा चार बोटं वर राहिला, तर जमिनीवरच्या कांडीचे डोळे आधी फुटतात. दिसायला फुटवा झकास, पण त्याच्या मुळांना माती मिळत नाही. असा कोंब दोन बोटांत धरून ओढला की सहज हातात येतो. मातीतल्या डोळ्यातून आलेला कोंब ओढून बघा, पान फाटतं पण तो हलत नाही. शिवाय पक्व उसात सर्वांत जास्त साखर बुडाकडच्या कांड्यांतच असते, म्हणजे उंच तोडीत या वर्षीचंही नुकसान आहेच.

हे सगळं शेतकऱ्याला पाठ असतं. कोयता मात्र दुसऱ्याच्या हातात असतो. बीडकडून आलेली जोडी, नवरा-बायको मिळून एक कोयता. घेतलेली उचल टनांवर फेडायची. पहाटे अंधारात फडात उतरायचं, त्यानं तोडायचं, तिनं गोळा करून मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. बांधावर उभं राहून ‘बुडातनं तोडा की दादा’ म्हणणं सोपं आहे. गेल्या हंगामात एकानं हातातलं पातं पुढं करून दाखवलं. ‘मालक, मातीला लावला की धार जाते. खडा लागला तर बघायलाच नको. धार लावण्यात जो वेळ जातो, तो आमचा जातो.’ त्याच्या पात्याला मधोमध तीन खाचा पडलेल्या होत्या. खोडव्याचा फायदा मालकाला, त्यासाठीचं जास्तीचं वाकणं तोडणाऱ्याला, आणि त्या वाकण्याचा दर कुठल्याच करारात नाही. तोड लवकर मिळावी म्हणून खुशाली देण्याची रीत पडली आहे, तिच्यावर आपण चरफडतो आणि तरी देतो. तेच पैसे जमिनीलगत तोडीसाठी उघडपणे ठरवून दिले, तर निदान कशासाठी दिले हे तरी सांगता येईल. मी तसं करून बघतो आहे. शेजारी म्हणतात, दर बिघडवतोस.

एवढं करूनही काही बुडखे उंच राहतातच. गाडी हलली की पाचट सरीत ओढून घ्यायचं, बुडखे उघडे करायचे आणि धारदार कोयत्यानं मातीसपाट छाटायचे. बोथट पात्यानं बुडखा चिरतो, चिरेत पाणी शिरतं आणि तो आतून कुजतो. छाटल्यावर लिटरला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिमची फवारणी करायची. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी होत नाही.

त्यापेक्षा काडी लावणं सोपं. जानेवारीच्या संध्याकाळी महामार्गानं निघालं की दोन्ही बाजूंना धूर दिसतो, तो याच सोपेपणाचा. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं. त्याच्या प्रत्येक टनात चार-पाच किलो नत्र आणि दहा किलोच्या आसपास पालाश असतं. जाळल्यावर नत्र धुरात जातं, बुडख्यांवरचे कोवळे डोळे भाजतात, आणि मग तोच शेतकरी युरियाच्या रांगेत उभा राहतो. पाचट ठेवायचं तर एकरी एक पोतं युरिया, एक पोतं सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारे जिवाणू त्यावर टाकायचे. पहिलं पाणी मात्र अंत बघतं. पाचटातून ते पुढं सरकतच नाही. रात्रपाळीची वीज, बॅटरी घेऊन सरीच्या शेवटाला उभं राहिलं तर पाणी अजून निम्म्यातच. या एका पाण्याला वैतागून अनेकांनी पुढच्या वर्षी काडी लावली आहे. दुसऱ्या पाण्यापासून पाचट बसतं, मग त्रास नाही, आणि उन्हाळ्यात दोन पाण्यांमधलं अंतरही वाढवता येतं.

फुटवा दिसायला लागल्यावर एखादं बेट खणून बघावं. वरून हिरवे कोंब, खाली मात्र दोन पिढ्या एकत्र. जुनी मुळं तपकिरी-काळी, बोटानं चोळली की साल सुटणारी. त्यांच्यामधून नव्या कोंबांच्या बुडाशी फुटलेली जाड, पांढरी, अजून न फांदलेली मुळं. सुरुवातीचे काही आठवडे कोंब जगतो तो जुन्या मुळांच्या आणि बुडख्यातल्या साठ्याच्या जिवावर. जुनी मुळं थकलेली आणि नवी अजून तोकडी, अशा मधल्या काळात चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा पडतो. पानं पिवळी-पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक घाबरून युरिया टाकतात, कमी पडलेलं असतं लोह.

म्हणूनच खताचा पहिला निम्मा हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत द्यायचा, तोही पहारीनं. वाफसा हवा. बुडख्यापासून चार-सहा इंचांवर तेवढंच खोल भोक, फूटभर पुढं दुसरं. एकानं पहार मारायची, मागच्यानं मूठ सोडून टाचेनं माती दाबायची. दुसरा हप्ता सरीच्या दुसऱ्या अंगाला, साडेचार महिन्यांनी. बगला फोडून बैलांनी बांधणी करणारी जुनी माणसं याला हसत. पाचट झाकलेल्या रानात अवजार चालत नाही, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

मग रानात फिरणं आलं. काही बेटांतून गवतासारखी बारीक, पांढुरक्या पानांची झुडपं निघतात, ती गवताळ वाढ. काहींच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडतो, ती काणी. बेण्यातून आलेले हे रोग खोडव्यात उघडे पडतात. चाबकावर आधी पिशवी घालायची, मग कापायचं आणि बेट मुळासकट काढायचं. नुसतं कापलं तर काळी भुकटी वाऱ्यानं शेजारच्या रानात जाते. मोकळ्या झालेल्या जागी पिशवीतली रोपं लावून नांग्या भरायच्या.

15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, अशी शिफारस आहे. उन्हाचा तडाखा, पाण्याची ओढ आणि खोडकीड कोवळ्या फुटव्याला एकदमच गाठतात. तारीख बरोबर आहे, पण तोडीची पाळी शेतकऱ्याच्या हातात कुठं असते? मार्चमध्ये तुटलेला ऊस कॅलेंडर बघून मोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खोडव्यानंतरच्या निडव्यावर मात्र गावोगावी वाद आहे. ब्राझीलमध्ये एका लागवडीवर पाच-सहा तोडण्या होतात, हे ऐकलं की आपल्याकडची मंडळी ते लांबचं म्हणून उडवून लावतात. मी वर्षं मोजत नाही, बेटं मोजतो. ओळीत उभं राहून किती पावलांत किती जागा मोकळ्या आहेत, हुमणीनं किती ठिकाणी खाल्लंय, काणी किती निघाली, हे बघायचं. यंदा ओढ्याकडचा तुकडा त्या हिशोबात बसला नाही, तिथं नांगर घातला आणि ताग पेरला. विहिरीकडचा ठेवलाय. त्याची तोड डिसेंबरात येईल असं कारखान्याचा चिटबॉय म्हणतो, म्हणजे जानेवारी धरून चालायचं.