नोकरीसाठी थेट मॅनेजरला लिहावं का?

नोकरीच्या पोर्टलांवर अर्ज करून करून मुलं थकतात. पण ज्याच्या टीममध्ये जागा रिकामी आहे, त्या माणसाला लिंक्डइनवर चार ओळी लिहायचं म्हटलं की हात आखडतो. ‘असं परस्पर लिहिलेलं चालतं का? तो वशिला नाही का?’ लातूर-सांगलीकडून पुण्यात आलेल्या, घरात कंपनीत नोकरी करणारं आधी कुणीच नसलेल्या मुलामुलींच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

वशिल्यात कुणाचा कोण एवढंच पाहिलं जातं, काम येतं की नाही ते मागे पडतं. अनोळखी मॅनेजरला लिहिताना तुमच्याकडे ओळख नसतेच. दाखवायला असतं ते फक्त तुमचं काम. पुढे मुलाखतही द्यावीच लागते. खासगी कंपन्यांत तर रेफरल ही राजरोस पद्धत आहे. कर्मचाऱ्याने सुचवलेला उमेदवार रुजू झाला, की सुचवणाऱ्याला बोनस देणाऱ्या कितीतरी कंपन्या आहेत. सरकारी भरतीचं मात्र वेगळं. तिथे निवडीसाठी कुणाकडून शिफारस किंवा दबाव आणला तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, म्हणून त्या वाटेला जाऊच नये.

दुसरा गैरसमज: एचआर काय, मॅनेजर काय, सगळे सारखेच. रिक्रूटर एकाच वेळी अनेक जागा भरत असतो. त्याला तुमचा अनुभव, नोटीस पिरियड आणि अपेक्षित पगार चटकन कळायला हवा. हायरिंग मॅनेजरची अडचण निराळी. त्याच्याकडे माणूस कमी आहे आणि काम तुंबलंय. त्याला हे काम तुम्ही उचलू शकाल का, एवढंच जाणून घ्यायचं असतं. थेट सीईओला लिहिणं वीस माणसांच्या स्टार्टअपमध्ये ठीक. मोठ्या कंपनीत तो मेसेज योग्य माणसापर्यंत पोचण्याची शक्यता फारच कमी. लिंक्डइनवर काही जाहिरातींसोबत ती टाकणाऱ्याचं नाव दिसतं. नसेल तर कंपनीच्या पानावर कर्मचाऱ्यांची यादी असते, तिच्यात विभाग आणि शहर टाकून शोधता येतं.

आता खरी मेख मेसेजमध्ये आहे. बहुतेक मेसेज असे असतात: ‘नमस्कार सर, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. रेझ्युमे जोडला आहे. योग्य संधी असल्यास कळवावे.’ यात नम्रपणा आहे, पण कुठली जागा, कसला अनुभव, काहीच नाही. तुमच्यासाठी जागा शोधायचं काम तुम्ही त्या माणसावरच टाकलंत. त्याऐवजी हे वाचा: ‘आपल्या चाकण प्लँटमधली सप्लायर क्वालिटीची जाहिरात पाहिली. मी तीन वर्षं प्रेस पार्ट्सच्या कारखान्यात इनकमिंग तपासणी बघतो. पार्टला बर येण्याच्या तक्रारी आम्ही डायच्या देखभालीचं वेळापत्रक बदलून कमी केल्या. पोर्टलवर अर्ज केला आहे. या जागेवर सप्लायरकडे फिरणं जास्त असतं की प्लँटमधलं काम, एवढं कळलं तर बरं होईल.’ हा नमुना आहे. इंग्रजीत लिहिलात तरी आशय हाच ठेवा. मॅनेजरला उत्तर द्यायला अर्धं मिनिटही लागत नाही आणि वाचता वाचता त्याला कळतं, की या मुलाने बर (कडेला उरलेला धातूचा खरखरीत कंगोरा) आलेला पार्ट हातात घेऊन पाहिलाय. कनेक्शनच्या विनंतीसोबतची नोट जेमतेम दोन-तीनशे अक्षरांची असते. तिच्यात जाहिरात आणि तुमच्या कामाची एक ओळ पुरे. बाकीचं त्यांनी विनंती स्वीकारल्यावर लिहा.

‘आमची कुठे एवढी ओळख?’ हा तिसरा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं, की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्यांकडून जास्त येते. कारण साधं आहे: जवळच्या माणसांना बहुधा तेच माहीत असतं, जे आपल्याला माहीत असतं. २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या म्हणण्याला दुजोरा मिळाला, पण एक दुरुस्तीही झाली. सर्वाधिक उपयोगी पडली ती मध्यम कच्ची ओळख. अगदीच नाममात्र ओळख तितकी कामाला आली नाही. म्हणून हजारो अनोळखी कनेक्शन गोळा करण्यापेक्षा कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेली ताई, जुन्या कंपनीतून दुसरीकडे गेलेला सहकारी, यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांच्या ओळखीतला मॅनेजर तुम्हाला तेवढा परका राहत नाही.

मॅनेजरने उत्तर दिलं म्हणजे पोर्टलवर अर्ज नको, हेही चूक. मोठ्या कंपनीत निवडीची नोंद त्या प्रणालीतूनच पुढे सरकते. मॅनेजरला तुम्ही पसंत असलात तरी एचआरला तुमचा अर्ज तिथे दिसावा लागतो. आधी अर्ज, मग मेसेज. आणि पैसे भरून प्रीमियम खातं घेतल्याशिवाय काही होत नाही असंही नाही. वर सांगितलेलं बहुतेक सगळं साध्या खात्यावर जमतं; फक्त नोट जोडलेल्या विनंत्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात.

उत्तर आलं नाही तर? बहुतेकदा येत नाही, आणि त्याचा अर्थ नकार असाच नसतो. जागा गोठवली जाते, माणूस रजेवर असतो, मेसेज खाली जातो. आठ-दहा दिवसांनी एकदा, दोन ओळींत आठवण करावी. तेवढंच. कुठून तरी मोबाइल नंबर मिळवून रात्री व्हॉट्सअ‍ॅप करणं, घरच्या फोटोंवर कमेंट टाकणं यात समोरच्याला त्रास होतो आणि तुमचं नाव खराब होतं.

उलट बाजूने कुणी आपणहून ‘मॅनेजर’ म्हणून मेसेज केला, तर भुरळ पडू देऊ नका. त्याचं प्रोफाइल किती जुनं आहे ते पाहा, मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का ते तपासा, ती जागा कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का ते शोधा. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले, की बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा; जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त.