मद्यार्क मर्यादा, वाहनचालकांसाठी

वाहन चालविणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील मद्यार्काचे (एथिल अल्कोहॉलाचे) कायद्याने ठरविलेले कमाल प्रमाण. ते सामान्यतः दर १०० मिलि. रक्तामागे मिग्रॅ. मध्ये किंवा शेकडेवारीत सांगतात, ५० मिग्रॅ. म्हणजे ०·०५ टक्के. या मर्यादेच्या आत वाहन चालविणे निर्धोक असते, असा तिचा अर्थ नाही. चालक झिंगलेला होता की नव्हता, या साक्षीदारांच्या मतांवर अवलंबून राहणाऱ्या वादाऐवजी मोजता येणारा पुरावा न्यायालयापुढे यावा, हा तिचा मूळ हेतू होय.

मद्यार्काचे पचन व्हावे लागत नाही. जठरातून काही अंशी व लहान आतड्यातून मुख्यत्वे तो सरळ रक्तात शोषला जातो. अन्नाबरोबर घेतल्यास शोषण मंदावते. यकृतात त्याचे ऑक्सिडीभवन जवळजवळ स्थिर वेगाने होते व रक्तातील प्रमाण तासाला सु. १५ मिग्रॅ. ने घटते. ताक, लिंबू, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ या लोकप्रिय उपायांनी हा वेग वाढत नाही. पावले डळमळू लागण्याच्या बऱ्याच आधी अनेक गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष देण्याची शक्ती, अंतराचा अंदाज आणि प्रतिक्रियेची तत्परता कमी होते. आत्मविश्वास मात्र वाढतो. त्यामुळे ‘मी शुद्धीवर आहे’ हे चालकाचे म्हणणे सर्वांत कमी भरवशाचे ठरते.

स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९२२ मध्ये बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तात मद्यार्क मोजण्याची पद्धत दिली आणि कायद्याचा मार्ग मोकळा झाला. नॉर्वेने १९३६ मध्ये ०·०५ टक्के ही मर्यादा घातली. अमेरिकेत प्रथम ०·१५ टक्के ही सैल मर्यादा प्रचलित होती. रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये सुटसुटीत श्वास विश्लेषक तयार केला. फुप्फुसाच्या वायुकोशांतील हवा व रक्त यांतील मद्यार्काचे गुणोत्तर साधारण ठराविक (सु. १ : २,१००) असते, यावर तो आधारलेला आहे. त्यांनीच १९६२-६३ मध्ये ग्रँड रॅपिड्स येथे अपघातग्रस्त व इतर चालकांची तुलना केली, तेव्हा ०·१५ टक्क्यांच्या पुढे अपघातास कारण होण्याची शक्यता सु. २५ पट आढळली.

ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिग्रॅ. ची मर्यादा आणली. प्रारंभी अपघात लक्षणीय घटले. पण आपण अडविले जाण्याचा संभव थोडाच आहे, हे चालकांच्या ध्यानात येताच काही वर्षांत हा परिणाम ओसरला. याउलट ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर १९८२ पासून, संशय नसतानाही कोणाही चालकास थांबवून श्वास तपासण्यास प्रारंभ झाला व मृत्यूंमधील घट टिकून राहिली. मर्यादेच्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व तपासणीच्या खात्रीला आहे.

महाराष्ट्रात रक्तातील मद्यार्काचा आकडा कायद्यात आला तो रस्त्यासाठी नव्हे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ याच्या नंतरच्या दुरुस्तीनुसार ०·०५ टक्के मद्यार्क आढळल्यास, आपण निषिद्ध मद्य घेतले नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येई. चालकांपुरता विचार करता, मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या १८५ व्या कलमात आरंभी मद्यार्काचे कितीही अल्प प्रमाण अपराध मानले होते. १९९४ च्या दुरुस्तीने ३० मिग्रॅ. ही मर्यादा घातली. ती ब्रिटनच्या मर्यादेहून पुष्कळ कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

अटक केलेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी न झाल्यास तिला सोडून द्यावे लागते (कलम २०२). या तरतुदीमागे शरीरक्रियेचे गणितही आहे : अपघाताच्या वेळी ५५ मिग्रॅ. प्रमाण असलेल्या चालकाचे रक्त दोन तासांनी घेतले, तर त्यात सु. २५ मिग्रॅ. च मद्यार्क उरलेला असतो व तो मर्यादेच्या आत भरतो.