रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कोठे?

मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात एक प्रसंग वारंवार घडतो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा असतो. वर्षभरापूर्वीपर्यंत दुकानाच्या गादीवर बसून चोख हिशेब ठेवणारा; पण अलीकडे तो गिऱ्हाइकाकडे पाहतही नाही, रात्र रात्र जागतो, शेजारचे दुकानदार आपल्या वाईटावर आहेत असे म्हणतो आणि समोर कोणी नसताना कोणाला तरी उत्तरे देतो. घरच्यांनी प्रथम दृष्ट काढून पाहिलेली असते, मग लग्न केले की सुधारेल असेही कोणी सुचवलेले असते. अखेर कोणाच्या तरी सल्ल्याने मेंदूचा एमआरआय काढला जातो आणि भल्या मोठ्या लिफाफ्यातून रिपोर्ट येतो : नॉर्मल. वडिलांना क्षणभर हायसे वाटते. दुसऱ्याच क्षणी मनात येते, मेंदूत काहीच दोष नाही, तर मग हा ढोंग करतो आहे की काय?

या शंकेने किती घरांत किती मुलांना बोल खावे लागले असतील, याची मोजदाद नाही. म्हणून तो लिफाफा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नेहमीचा एमआरआय मेंदूतील मोडतोड दाखवतो. गाठ, रक्तस्राव, सूज, पक्षाघाताने निकामी झालेला भाग, असे काही असल्यास ते त्यात उमटते. मानसिक लक्षणांमागे असे कारण दडलेले नाही ना, एवढी खात्री करून घेण्यासाठीच डॉक्टर बहुधा ही तपासणी सांगतात. स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्य यांत अशी मोडतोड सहसा सापडत नाही. एखाद्या पेठेचे वरून छायाचित्र घेतले तर इमारती आणि गल्ल्या दिसतील. कोणाचा कोणाशी व्यवहार आहे, कोणती पेढी कोणाशी बोलेनाशी झाली आहे, हे त्यात दिसणार नाही. मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील हा व्यवहार टिपण्याचा खटाटोप गेली तीस वर्षे जगभर चालू आहे.

मूळ कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, वाचा गेलेल्या रुग्णांचा अभ्यास करून असे मांडले की, भाषेसारखी गुंतागुंतीची क्रिया मेंदूच्या एकाच कोपऱ्यात होत नाही. ती अनेक भागांच्या सांध्यांतून घडते. पुढे त्यांनी वेडाचे मूळही हे सांधे निखळण्यात शोधले. त्यांच्यानंतर स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या ग्रंथात ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव रूढ केले. या नावाचा अर्थ मनाची फाटाफूट असा असल्यामुळे ‘एका माणसात दोन माणसे’ असा गैरसमज आजही चित्रपटांतून पसरतो. ब्लॉयलर यांना अभिप्रेत होती ती विचार, भावना आणि वर्तन यांच्यामधील ताटातूट. वेर्निके काय, ब्लॉयलर काय, जिवंत मेंदूत ही ताटातूट पाहण्याचे साधन दोघांपाशीही नव्हते.

ते साधन १९९० च्या सुमारास हाती आले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तेथे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो, आणि प्राणवायूने भरलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते. सेइजी ओगावा यांनी दाखवून दिलेल्या या गुणधर्मावर फंक्शनल एमआरआय उभा राहिला. प्रारंभी संशोधक रुग्णाला काही काम देत, बोट हलवा, चित्र पाहा, आणि कोणता भाग उजळतो ते नोंदवत. १९९५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे भरत बिस्वाल या तरुण संशोधकाने उलट पाहिले. माणूस यंत्रात स्वस्थ पडून आहे, हात हलवत नाही, तरी डाव्या आणि उजव्या हाताचे नियंत्रण करणारे मेंदूचे दोन दूरचे भाग एकाच लयीत मंदपणे वरखाली होत होते. ही लय इतकी संथ, की तिच्या एका आवर्तनाला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागे. अनेकांनी ती यंत्राची खरखर किंवा श्वासाचा परिणाम मानून बाजूला सारली. पुढे मात्र याच ‘खरखरी’वर एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो, आणि एखादे काम अंगावर घेतल्याने त्यात पडणारी भर अगदी थोडी असते. म्हणजे खर्चाचा मोठा भाग वरकरणी रिकाम्या बसलेल्या वेळेत होत असतो. सेंट लुइसच्या मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये या विश्रांतीच्या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड’ असे नाव दिले. माणूस स्वतःविषयी, गतगोष्टींविषयी, उद्याविषयी विचार करतो, तेव्हा हे जाळे जागे असते. नैराश्यात एकच दुखरा विचार मनात घोळत राहतो, त्याचा या जाळ्याशी काही संबंध आहे का, हा प्रश्न तेथूनच पुढे आला.

एकत्र वरखाली होणे म्हणजे एकमेकांशी बोलणे, हा निष्कर्ष मात्र व्यापाऱ्याने जपूनच स्वीकारावा. सांगली आणि इरोड येथील हळदीचे भाव एकाच वेळी चढले, तर दोन्ही पेठांत देवघेव आहे असे वाटेल, ती असेलही. पण दोन्हीकडे पाऊस एकाच वेळी लांबला असेल, तरी भाव एकत्रच हलतील. फंक्शनल एमआरआयला भाव दिसतात, पाऊस नेहमीच दिसतो असे नाही. म्हणून दुसऱ्या पद्धतीने रस्तेही तपासले जातात. शेताच्या सरीतून जसे पाणी सरीच्याच दिशेने धावते, तसे मेंदूच्या पांढऱ्या तंतूंतील पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने अधिक सरकतात; त्यावरून तंतूंचा मार्ग आणि त्यांची घडण यांचा अंदाज बांधता येतो. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि निरोगी माणसे मिळून ४,३२२ जणांच्या अशा प्रतिमा एकत्र केल्या. रुग्णांच्या गटात हे पांढरे तंतू जवळजवळ सर्वत्र थोडे वेगळे आढळले. १९९५ मध्ये कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस फ्रिथ यांनी स्किझोफ्रेनिया हा ‘तुटलेल्या संपर्काचा’ आजार असावा अशी कल्पना मांडली होती. तिला यामुळे बळ मिळाले. ढोंग करणाऱ्याच्या तंतूंत असा फरक पडत नाही, इतके तरी वडिलांना निःशंकपणे सांगता येते.

मग हीच तपासणी करून आपल्या मुलाचा आजार पक्का का करू नये? येथेच खरी अडचण आहे. हा फरक सरासरीचा आहे. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसे यांची सरासरी वेगळी निघते. पण एकेकटा माणूस घेतला तर दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले असतात. एकाच प्रतिमेवरून हा रुग्ण आणि हा निरोगी असे सांगता येत नाही. रंगीबेरंगी नकाशा दाखवून मानसिक आजाराचे खात्रीशीर निदान देऊ करणारा कोणी भेटला, तर पैसे मोजण्याआधी हे जरूर आठवावे.

या शास्त्राने एक मोठी चूकही पचवली आहे. यंत्रात पडलेल्या माणसाचे डोके मिलिमीटरच्या अंशाने जरी हलले, तरी जवळचे भाग खोटेच अधिक जोडलेले आणि दूरचे भाग खोटेच तुटलेले दिसतात, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. लहान मुले आणि आजारी माणसे इतरांहून अधिक हलतात. त्यामुळे ‘दूरचे संबंध दुबळे’ या अनेक निष्कर्षांतील काही भाग आजाराचा नसून नुसत्या हालचालीचा होता! हे दाखवणाऱ्यांमध्ये सेंट लुइसचाच एक गट होता, आणि मुलांच्या मेंदूविषयीचे त्यांचे स्वतःचे आधीचे निष्कर्षही यामुळे संशयाच्या छायेत आले. जुन्या वहीतली स्वतःचीच चूक लाल शाईने दाखवणे कोणत्याही पेढीवर सोपे नसते. पुढे २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील लेखाने आणखी एक कठोर हिशेब मांडला : मेंदूची जोडणी आणि स्वभाव किंवा लक्षणे यांचा संबंध भरवशाने सांगायचा तर हजारो माणसे हवीत, तोवरचे बरेच अभ्यास मूठभर माणसांवर बेतलेले होते.

तरीही सारे निष्फळ गेलेले नाही. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात कपाळाच्या डाव्या बाजूला चुंबकीय स्पंदने देण्याचा उपचार अमेरिकेत २००८ पासून मान्य आहे. स्पंदने नेमकी कोठे द्यायची, हे अलीकडे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रत्येक रुग्णाच्या जोडणीच्या नकाशावरून ठरवले, आणि दिवसाला दहा याप्रमाणे पाच दिवस उपचार दिले. २९ जणांवरील चाचणीत खरे उपचार घेतलेल्यांपैकी बहुसंख्य नैराश्यातून बाहेर आले. नुसता देखावा केलेल्यांत तसे फार थोडे. या यशात नकाशाचा वाटा किती आणि जलद मात्रेचा किती, हे अजून उलगडायचे आहे.

निदानापुरते बोलायचे तर आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणासारखे मान्य निकष धरायला सांगतो. ते निकष लक्षणांचे आहेत, प्रतिमांचे नाहीत. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराइतकेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. मेडिक्लेमच्या हप्त्याच्या वेळी ते विचारून घ्यावे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश यांसह बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहिलेले आढळले. मनोविकृतीत उपचार जितके लांबतात तितके पुढचे सावरणे कठीण जाते, असे अनेक अभ्यास सांगतात. नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी परतणारे कुटुंब नेमके हेच महिने गमावते. कोठे जावे हे उमजत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

दवाखान्यात डॉक्टर तो लिफाफा एकदा उजेडात धरून पाहतात आणि बाजूला ठेवतात. मग कोरा कागद पुढे ओढून, इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसलेल्या आईकडे वळतात. “आई, तुम्ही सांगा. याची झोप नक्की कधीपासून मोडली?”