चार मुलांची चूल आणि आमची हिशेबाची वही

साताऱ्याच्या एका घरात चार मुले आपल्या हाताने स्वयंपाक करून शाळेत जात होती. ही गोष्ट १९०१ सालाच्या सुमाराची. घरातली आई, भीमाबाई, साताऱ्यातच वारली होती. वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते. मोठ्या बहिणी सासरी गेलेल्या. घरात आत्या मीराबाई होत्या, पण त्या शरीराने अधू. तेव्हा भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुले, अशा चौघांनी चूल सांभाळली. भाकरी-चपाती काही त्यांना जमेना. मग तांदूळ आणि मटण एकत्र शिजवायचे आणि पुलाव करायचा, हा सर्वांत सोपा मार्ग त्यांनी काढला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे.

बाबासाहेबांनी लंडनला अभ्यास कसा केला, हे आपण मुलांना सांगतो. ते सांगायलाच हवे. पण हातात पळी घेतलेला, शाळेची वेळ गाठण्यासाठी भात लवकर शिजावा म्हणून धडपडणारा साताऱ्याचा भीमराव आपण आपल्या मुलग्यांना सांगतो का? आमच्या घरी तो सांगावा लागला. कसा, ते आज लिहीत आहोत.

आम्ही दोघी जावा. थोरलीचे माहेर माण तालुक्यातले, धाकटीचे मिरजेजवळचे. सासर सांगलीत. दोन खोल्यांत सात माणसे: सासूबाई, आम्ही दोन जोडपी, थोरलीची मुलगी आणि धाकटीचा मुलगा. थोरली पॅकिंगच्या कामाला जाते, धाकटी घरी शिलाई करते. चार वर्षांपूर्वी थोरल्या भाऊंचे काम सुटले. त्यातच बचतगटाच्या नावाने घेतलेल्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला दारात उभा राहू लागला.

काटकसर कोणाच्या ताटातून?

आमच्या घरी पहिली काटकसर कशी झाली, ते सांगायला लाज वाटते. पण सांगतो. कोणी कोणाला काही बोलले नाही. आम्ही दोघींनी आपापले जेवण कमी केले. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात राहील ते कालवण, अर्धी भाकरी आणि वर चहा. तीन-चार महिन्यांनी थोरली कामावर चक्कर येऊन पडली. तपासणीत रक्त पावणेआठ निघाले. बाईमाणसाचे ते बारा तरी असावे लागते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि एकच प्रश्न विचारला, “तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?”

हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. म्हणजे दर दोघींत एकीपेक्षा जास्त. बाईच्या पोटातून काढलेला पैसा ही बचत नव्हे. तो पैसा पुढे दवाखान्यात जातो, आणि बाईची ताकद जाते ती वेगळीच.

त्या रात्री घरात दोन नियम झाले. एक, सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचे आणि कालवण आधी सात वाट्यांत वाटून घ्यायचे. दोन, घरातला प्रत्येक रुपया वहीत लिहायचा.

वहीने काय दाखवले

वही शाळेचीच, शंभर पानी. डाव्या पानावर ठरलेला खर्च: धान्य, गॅस, वीज, शाळा, दवाखाना, हप्ता. उजव्या पानावर सुटा खर्च. वही मुलीकडे दिली, कारण ती कोणाची भीड ठेवत नाही. महिना संपला तेव्हा उजव्या पानाची बेरीज गॅसच्या टाकीपेक्षा मोठी निघाली. शांपूच्या पुड्या, चहापत्तीच्या पुड्या, कुरकुरीत खाऊ, बाहेरचा चहा आणि मावा. माव्याचा आकडा पाहून धाकटे भाऊ खाली मान घालून बसले. आम्हीही बिस्किटांच्या पुड्यांपाशी गप्प झालो.

आम्ही काय बदलले ते थोडक्यात असे. पगार झाला की तेल, चहा, साखर, साबण एकदम आणायचे. पाच-पाच रुपयांच्या पुड्यांत माल थोडा आणि दाम जास्त पडतो. तिखटाची चटणी उन्हाळ्यात एकदाच कांडून आणायची. रेशन एकही महिना चुकवायचे नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो. हे कोणाचे उपकार नाहीत, कायद्याने दिलेला हक्क आहे. कार्डावर सुनेचे किंवा लेकराचे नाव राहिले असेल तर ते आधी चढवून घ्या.

आपल्या मातीतले, आपल्या खिशातले

आमच्या दोन्ही जिल्ह्यांचा पूर्व भाग कोरडा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. जत-आटपाडीकडेही तीच तऱ्हा. पण या कोरड्या रानातच हुलगा, मटकी, बाजरी, शाळू पिकतो. सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. खडी फोडायला जायचे, मिलो खायचा, मुलांना सुकडी मिळायची, हे त्या सांगतात. “हुलगा होता म्हणून माणसं उभी राहिली,” असे त्यांचे म्हणणे.

गरिबाचे म्हणून ज्या अन्नाला नाक मुरडले गेले, तेच अंगाला लागते. आमचा आठवडा असा: दोन दिवस मसूर, दोन दिवस मोड आलेली मटकी किंवा घेवडा, एक दिवस हुलगा, एक दिवस पिठले आणि पालेभाजी, रविवारी अंडी किंवा जमेल तसे मटण, नाहीतर सुकट. रानात तांदुळजा, चिघळ, पाथरी, शेवग्याचा पाला मिळतो तोवर भाजीला फारसा पैसा लागत नाही. कडधान्याबरोबर लिंबू पिळून घ्यावे. त्याने अन्नातले लोह अंगात चांगले मुरते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्याने उलटे होते. डॉक्टरीणबाईंची ही सूचना आम्ही भिंतीवर लिहून लावली.

आख्खा मसूर (सात माणसांना). साडेतीनशे ग्रॅम मसूर निवडून, धुऊन दीड-दोन तास भिजत घालावा. भिजवल्याने गॅस वाचतो. दाणा मऊ होईल पण फुटणार नाही इतपत शिजवावा. तीन पळ्या तेलात चार कांदे बारीक चिरून तांबूस होईपर्यंत परतावेत. त्यात एक लसणाचा गड्डा व बोटभर आले ठेचून, दोन टोमॅटो, अर्धा चमचा हळद आणि तीन चमचे कांदा-लसूण चटणी घालावी. तेल सुटले की मसूर त्याच्या पाण्यासह घालून मीठ टाकावे व दहा मिनिटे मंद आचेवर उकळावा. रस्सा दाट ठेवावा, म्हणजे भाकरीला पुरतो.

हुलग्याचे शेंगोळे. दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, ठेचलेला लसूण, जिरे, हिरवी मिरची, हळद व मीठ घालून घट्ट मळावे. तेलाच्या हाताने करंगळीएवढ्या वळ्या करून त्यांची टोके जुळवावीत. लसणाच्या फोडणीत सहा-सात वाट्या पाणी घालावे आणि ते खळखळ उकळले की शेंगोळे एकेक करून सोडावेत. वीस मिनिटांत शिजतात आणि पाणी आपोआप दाट होते. भाजी आणि भाकरी दोन्हींचे काम एका पातेल्यात होते.

मुलांचा पुलाव. साताऱ्याच्या चार मुलांचा मान राखून हा पदार्थ आमच्या घरी मुलगाच करतो. मटण असेल तर ते आधी शिजवून घ्यायचे. नसेल तर मोडाची मटकी. कांदा परतायचा, चटणी-हळद, मटण किंवा मटकी, तीन वाट्या धुतलेला तांदूळ, सहा वाट्या गरम पाणी, मीठ, वर झाकण. चुकायला जागा नाही.

पाणी आणि घर

त्याच आठवणींत पुढची गोष्ट आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. महार म्हटल्यावर गाडीवान बैलगाडी हाकेना; शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली. बरोबर बांधून दिलेले भरपूर जेवण होते, पण पाणी कोणी देईना. रात्र उपाशी काढावी लागली. पाण्याशिवाय अन्नाला अर्थ नाही, हे त्या लहान वयात त्यांना जातीने शिकवले. आज नळ दारात आला असेल, तर त्या पाण्याची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार?

आम्ही पिण्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून झाकून ठेवतो आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढतो, हात बुडवत नाही. पावसाळ्यात उकळून घेतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी-टाक्या रिकाम्या करून घासतो. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ व्हायला साधारण आठवडा लागतो, तो मधेच तोडायचा.

दोन खोल्यांत टापटीप राहते ती सामान कमी असल्याने. वर्षभर हात न लागलेली वस्तू आम्ही भंगारात देतो. अंथरुणे रविवारी उन्हात. धान्य कडक वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात. संडास-मोरीला ब्लिचिंग पावडर वापरतो, पण ती अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळत नाही. विषारी वायू निघतो.

आणि कागद! ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या घरात कमरेइतके पाणी होते. भांडी धुऊन मिळाली, गाद्या गेल्या, पण सर्वांत जास्त त्रास झाला भिजलेल्या कागदांचा. आता जातीचे दाखले, शाळेचे दाखले, रेशनकार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर असते. ती पिशवी कुठे आहे, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे.

पळी कोणाच्या हातात

इतके सगळे आम्ही दोघीच करत राहिलो असतो, तर थोरली पुन्हा पडली असती. म्हणून कामे वाटली. पाणी भरणे थोरल्या भाऊंकडे, भांडी धाकट्या भाऊंकडे, लसूण सोलणे आणि धान्य निवडणे सासूबाईंकडे. मुलगा पहिल्या दिवशी रुसला. “हे पोरींचं काम,” म्हणाला. तेव्हा सासूबाईंनी त्याला जवळ बसवून साताऱ्याच्या चार मुलांची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला आणि “तांदूळ किती घेऊ?” असे त्याने विचारले.

हप्ते फिटायला दीड वर्ष लागले. मुलीने मधे शाळा सोडून पॅकिंगला येते म्हटले होते. थोरलीने वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटले, “यात तुझी फी कुठं बसते ते शोध.” तिने शोधली. ती आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे पुरते असे नाही. काटकसरीने पगार वाढत नाही, त्यासाठी वेगळे भांडावे लागते. पण आहे तो पैसा कुठे जातो, हे आम्हाला ठाऊक असते.

थोरलीचे रक्त परवाच तपासले. साडेअकरा आहे. अजून अर्धा बाकी. मुलगा भाकरीही थापू लागला आहे. कडेला चिरते, पण फुगते.